ग्रीक ऑलिव्ह : बरणी निवडण्यापासून घरी मुरवण्यापर्यंत

पिझ्झावरच्या काळ्या चकत्या खाऊन ज्यांनी ‘ऑलिव्ह आपल्याला आवडत नाही’ असं ठरवून टाकलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. त्या चकत्या म्हणजे मुळात हिरवी फळं. कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात त्यांचा कडूपणा काढतात, हवा सोडून ती काळी करतात आणि काळा रंग टिकावा म्हणून लोहाचा एक क्षार घालतात. मग डब्यात भरून जोरदार उष्णता देतात. सगळं थोड्या दिवसांत उरकतं. त्यात आंबणं नाही, मुरणं नाही, त्यामुळे चव कुठून येणार? डब्यावरच्या घटकांत ‘फेरस ग्लुकोनेट’ किंवा ‘ई 579’ दिसलं, की ती बरणी परत फळीवर ठेवा.

ग्रीसमध्ये जेवणात जे ऑलिव्ह असतं ते दुसऱ्या वाटेने येतं. मेसिनिया भागातल्या एका गावात मी दोन हिवाळे काढले. तिथल्या शेजारच्या आजींनी (तिकडे आजीला ‘याया’ म्हणतात) मला ऑलिव्ह ठेचायला, खारवायला शिकवलं. त्यांच्या कोठीघरातल्या बरण्या बघितल्या तेव्हा मला कोकणातल्या खारातल्या कैऱ्या आठवल्या, आणि मग सगळं समजत गेलं. ऑलिव्हकडे लोणच्यासारखं बघा. कोणतं फळ, किती पिकलेलं, कशात मुरवलं आणि किती दिवस, हे कळलं की चव आधीच ओळखता येते आणि ते कशात घालायचं हेही कळतं.

आधी दोन गोष्टी

पहिली म्हणजे हिरवं आणि काळं ऑलिव्ह ही वेगळी झाडं नाहीत. एकाच झाडावरचं फळ सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हिरवं असतं, नोव्हेंबरात जांभळट होतं आणि डिसेंबर-जानेवारीपर्यंत काळं पडतं. हिरवं तोडलं तर गर कडक आणि चव झणझणीत. काळं तोडलं तर गर मऊ, चव तेलकट आणि गोल. काही जाती हिरव्या असताना चांगल्या लागतात, काही पिकल्यावर. त्यामुळे अमुक जात म्हणजे अमुक रंग असा समज होतो, इतकंच.

दुसरी गोष्ट कडूपणाची. झाडावरचं ऑलिव्ह तोडून खाता येत नाही. मी खाल्लं होतं. पाणी प्यायलं, पाव खाल्ला, तरी जिभेच्या मुळाशी तो कडूपणा अर्धा तास बसून होता. हे ओल्युरोपीन नावाच्या द्रव्यामुळे होतं. ते पाण्यात उतरतं, आणि खारात आंबताना हळूहळू मोडतं. ऑलिव्ह खाण्याजोगं करणं म्हणजे हे द्रव्य बाहेर काढणं. कोणी ते साध्या पाण्याने काढतं, कोणी खाराने, कोणी कोरड्या मिठाने, कोणी सोड्याने. चवीतला फरक इथेच पडतो. सोडा झटपट कडूपणा काढतो पण त्याबरोबर फळाचं अंगचंही बरंच काही नेतो. खार सावकाश काढतो, आणि जाताना थोडा कडूपणा मागे ठेवतो. तो थोडासा कडूपणा मला ऑलिव्हचा जीव वाटतो.

पहिल्या खेपेला काय घ्यावं

एकदम मोठी बरणी घेऊ नका. तीन लहान घ्या: कालामाता, हाल्किदिकी आणि मिळाली तर थ्रुम्बा. या तिघींत ग्रीक ऑलिव्हच्या चवीची बहुतेक टोकं येऊन जातात.

कालामाता सगळ्यांत प्रसिद्ध. बदामासारखा लांबट आकार, टोकाला किंचित बाक. या बाकामुळे ग्रीसमध्ये तिला ‘गरुडाचं नख’ अशा अर्थाचंही एक नाव आहे. रंग गडद जांभळा, वांग्याच्या सालीसारखा. ही हिरवी तोडत नाहीत, पिकल्यावर जपून काढतात, कारण साल पातळ असते आणि फळ दबलं की डाग पडतो. पारंपरिक पद्धतीत फळाला उभ्या चिरा देतात, पाण्यात-खारात ठेवतात आणि शेवटी लाल वाइनच्या व्हिनेगरमध्ये बुडवून वर ऑलिव्ह तेल घालतात. त्यामुळे पहिला घास आंबट, मग खारट, मग मनुकेसारखी दाट फळाची चव, आणि अगदी शेवटी कडवट झाक. चांगल्या कालामाताचा गर बीपासून सहज सुटतो आणि दाताखाली चामट लागत नाही.

नावाबद्दल थोडं सांगायला हवं. युरोपीय संघात ‘कालामाता ऑलिव्ह’ या नावाला भौगोलिक संरक्षण आहे, ते मेसिनियातल्या फळासाठी. पण ही जात लाकोनिया आणि पश्चिमेकडच्या एतोलिया-अकार्नानिया भागातही भरपूर होते, आणि तिथले शेतकरी म्हणतात की झाड तेच, फळ तेच, मग नाव का नाही? तिकडचा माल ‘कालामोन’ या जातीच्या नावानेही विकला जातो. हापूस कोणत्या मातीतला, यावरून आपल्याकडे जे होतं ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हा वाद लगेच कळेल. गंमत अशी की खुद्द मेसिनियातली बहुतेक झाडं कोरोनेइकी या बारीक फळाच्या जातीची आहेत, आणि ती तेलासाठी लावलेली आहेत. माझं मत विचाराल तर दोन्ही नावांची चांगली बरणी चांगलीच असते. युरोपीय संघाचा लाल-पिवळा गोल शिक्का असला तर मूळ ठिकाणाची खात्री मिळते, चवीची खात्री तुम्ही स्वतः खाऊनच करायची.

हाल्किदिकी उत्तरेची. समुद्रात तीन बोटं काढलेला जो द्वीपकल्प नकाशात दिसतो, तिथली. फळ मोठं, हिरवट-पिवळं, कुरकुरीत. यात लसूण, बदाम किंवा लाल मिरची भरलेली मिळते, कारण बी काढल्यावरही फळ आकार धरून राहतं. ही बहुधा आधी सोड्याच्या पाण्यातून काढून मग खारात आंबवतात. म्हणजे सोडा इथेही आहे, पण पुढचं आंबणंही आहे, म्हणून डब्यातल्या काळ्या चकत्यांची गत हिची होत नाही. चव स्वच्छ आंबट-खारट, थोडी मिरमिरीत. ज्यांना ऑलिव्हचा वासच नको वाटतो त्यांनी इथून सुरुवात करावी.

थ्रुम्बा दिसायला अगदी गरीब. सुरकुतलेली, काळी, सुकवलेल्या मनुकेसारखी. थासोस बेटावरची नामांकित आहे. पूर्ण पिकलेलं फळ जाड्या मिठात थरावर थर ठेवून त्याचं पाणी काढतात. खाराची बुडी नाही, व्हिनेगर नाही. त्यामुळे चव आटून घट्ट होते: खारट, तेलकट, किंचित गोडसर. माझी सगळ्यांत आवडती हीच. पण पहिल्या दिवशी पहिल्यांदा ही खाऊ नका, फार जोरकस वाटेल.

चौथी जात बघायला मिळालीच तर कोन्सेर्वोलिया. गोलसर फळ, हिरवंही मिळतं, काळंही. डेल्फीच्या पायथ्याशी अम्फिसाची प्रचंड मोठी जुनी ऑलिव्हची राई आहे, ती याच जातीची. पिकलेलं फळ खारात महिनोन्महिने आंबवतात आणि ते इतकं मऊ होतं की जिभेने टाळूवर दाबलं तरी गर सुटतो.

घेताना बी असलेलीच घ्या. बी काढलेल्या फळात खार आतपर्यंत शिरतो आणि गर पिठूळ होतो. लेबलवर निथळलेलं वजन वेगळं लिहिलेलं असतं, भावाची तुलना त्यावरून करा, कारण बरणीत बरंच वजन पाण्याचं असतं.

चाखण्याची पद्धत

फ्रिजमधून काढून लगेच खाऊ नका. अर्धा तास बाहेर ठेवा. वर घातलेलं तेल थंडीने पांढरं गोठलेलं दिसेल. ती बुरशी नव्हे, तेल गरम झालं की पुन्हा पातळ होतं. चमच्याने चार-पाच फळं काढा, खार निथळू द्या. आधी एक अर्धं चावा आणि तोंडात फिरवा. खारटपणा पहिल्यांदा येतो, तो ओसरू द्या. त्यानंतर जे उरतं ती त्या फळाची चव. मध्ये कोरडा पाव किंवा काकडीचा तुकडा खा, मग पुढची जात.

खूपच खारट वाटली तर कोमट पाण्यात अर्धा ते एक तास भिजवा, तेवढं पुरतं. जितकी खाणार तितकीच भिजवायची. पाण्यातून काढलेली फळं परत बरणीत घालायची नाहीत.

बरणीतला खार फेकू नका. फळं बुडालेली राहिली पाहिजेत. लोणच्याचा नियम इथेही लागू: कोरडा चमचा, ओला हात नाही.

घरी मुरवायची असेल तर

महाराष्ट्रात कच्चं ऑलिव्ह बाजारात येत नाही. राजस्थानात 2008 च्या सुमारास इस्रायलच्या मदतीने बागा लावल्या गेल्या, पण त्यांचा रोख तेलावर आहे. पण मेलबर्न, अ‍ॅडलेड, कॅलिफोर्निया इथल्या मराठी घरांना कच्ची फळं हमखास मिळतात. ऑस्ट्रेलियात मार्च ते मेच्या आसपास, कॅलिफोर्नियात सप्टेंबरपासून पुढे. त्यांनी हे नक्की करून बघावं.

सुरुवात ठेचलेल्या हिरव्या ऑलिव्हपासून करा. ग्रीकमध्ये यांना ‘त्साकिस्तेस’ म्हणतात, म्हणजे फोडलेल्या. दोन-तीन आठवड्यांत खायला मिळतात, म्हणून धीर सुटत नाही.

आमच्या याया अंगणात बुटक्या स्टुलावर बसायच्या. समोर लाकडी फळी, हातात समुद्रावरून आणलेला गुळगुळीत गोटा. फळ फळीवर ठेवलं, गोटा एकदाच पडला, ‘चक्’ असा आवाज. साल फुटली पाहिजे आणि आतली बी शाबूत राहिली पाहिजे. माझ्या हातून सुरुवातीला बी फुटत होती, तर त्यांनी माझं मनगट धरून सांगितलं, जोर दगडाचा असू दे, तुझा नको. ठेचलेलं फळ त्या ताबडतोब पाण्याच्या बादलीत टाकत, कारण हवा लागली की फुटलेला भाग तपकिरी होतो. आपल्याकडे खलबत्त्यातला बत्ता या कामाला उत्तम. फळं एकसारखी, कडक, डाग आणि किडीचं भोक नसलेली निवडा.

आता पाणी. फळं पूर्ण बुडतील इतकं, आणि रोज बदलायचं. सकाळी एकदा, जमलं तर संध्याकाळीही. पहिल्या दिवशीचं पाणी गढूळ हिरवट निघतं. सात-आठ दिवसांनी एक चाखून बघा. कडूपणा पूर्ण जाईपर्यंत थांबू नका. कारलं जसं पिळून पिळून कारलंपण घालवलं की खाण्यात अर्थ उरत नाही, तसंच इथे. ‘अजून थोडं कडू आहे, पण खाता येतंय’ इथे पाणी थांबवायचं. मला साधारण नऊ-दहा दिवस लागतात.

मग खार. एक लिटर पाण्याला 70 ते 80 ग्रॅम जाडं मीठ, उकळून पूर्ण गार केलेलं. काचेची किंवा चिनी मातीची बरणी. तांब्या-पितळेचं किंवा अ‍ॅल्युमिनियमचं भांडं अजिबात नको. फळं भरा, मध्ये लिंबाच्या फोडी, ठेचलेली लसूण, बडीशेपेची काडी असल्यास ती, नसल्यास बडीशेप. सायप्रसमध्ये याच ऑलिव्हला भरडलेले धने लावतात, आणि ती चव मराठी जिभेला फार लवकर जवळची वाटते. लिटरला दोन-तीन लिंबांचा रस घाला, वर खार ओता, फळं वर तरंगू नयेत म्हणून बशी किंवा पाण्याने भरलेली छोटी बाटली ठेवा. ही बरणी फ्रिजमध्ये ठेवा. आठवड्याने खायला घ्या, आणि दोन-तीन महिन्यांत संपवा. ठेचलेली फळं जास्त टिकत नाहीत.

काळ्या, पिकलेल्या फळांना वेळ जास्त लागतो. कालामाता किंवा तत्सम फळ असेल तर धारदार सुरीने दोन उभ्या चिरा द्या, एक-दोन आठवडे रोज पाणी बदला, मग दाट खार: लिटरला 100 ग्रॅम मीठ. ग्रीक घरांत वजनकाटा न वापरता हे अंड्याने बघतात. ताजं कच्चं अंडं खारात सोडायचं, मीठ घालत जायचं, आणि अंडं वर येऊन नाण्याएवढी टोपी पाण्याबाहेर दिसली की खार झाला. तीन-चार आठवडे या खारात ठेवून नंतर बरणी बदला: तीन भाग ताजा खार, एक भाग लाल वाइनचं व्हिनेगर, वर बोटभर ऑलिव्ह तेल. आणखी महिनाभर मुरू द्या.

चिरा न देता, न ठेचता अख्खी फळंही याच दाट खारात टाकता येतात. त्याला सहा महिने, कधी आठ महिने लागतात. मात्र चव सगळ्यांत खोल येते, कारण खारातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू सावकाश काम करत राहतात, जसे काकडीच्या किंवा कोबीच्या खारात करतात. तोंडावर दादरा बांधून किंवा झाकण किंचित सैल ठेवून बरणी अंधाऱ्या जागी ठेवा, कारण पहिले काही आठवडे वायू सुटतो.

थ्रुम्ब्याच्या पद्धतीला पाणीच लागत नाही. पूर्ण काळी, किंचित सुरकुतू लागलेली फळं घ्या. दोन किलोला साधारण एक किलो जाडं मीठ. भोकाच्या टोपलीत थर लावा, खाली ताट ठेवा, रोज टोपली हलवा, ताटात उतरलेलं काळं पाणी फेका. चार ते सहा आठवड्यांत फळं सुरकुततात आणि कडूपणा उतरतो. मीठ झटका, दिवसभर कापडावर वाळवा, ऑलिव्ह तेल आणि चुरडलेला ओरेगानो चोळून फ्रिजमध्ये ठेवा.

खराब झालं कसं ओळखायचं, हे नीट वाचा. खारावर पातळ पांढरी साय येते, ती यीस्टची असते. ती काढून टाकायची, फळं चालतात. पण हिरवी-काळी लव दिसली, फळं बुळबुळीत किंवा पिचकी झाली, नासक्या लोण्यासारखा किंवा नाल्यासारखा वास आला, झाकण फुगलं, तर अख्खी बरणी टाकून द्या. चाखून बघू नका. माझी एक बरणी अशीच गेली. गावाला गेले होते, वरचं वजन सरकलं, वरची फळं उघडी पडली, आणि तीन किलोंचा माल वाया गेला. मीठ अंदाजाने कमी करू नका, आणि लसूण घातलेलं तेलातलं ऑलिव्ह खोलीच्या तापमानाला कधीच ठेवू नका. आम्ल कमी आणि हवा नाही, अशा जागी बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात, आणि त्या विषाला वास नसतो. पीएच (आम्लतेचं माप) तपासायची पट्टी स्वस्त मिळते. मुरलेल्या खाराचा पीएच 4.6 च्या खाली हवा, 4.3 च्या खाली असला तर निर्धास्त.

स्वयंपाकात

एक नियम धरला तरी निम्मं काम होतं: ऑलिव्ह घालायचं असेल तिथे मीठ शेवटी, चाखून. दुसरं, फार उकळू नका. रश्श्यात किंवा सॉसमध्ये शेवटची दहा मिनिटं पुरे, नाहीतर कडवटपणा सगळीकडे पसरतो.

बी काढायला यंत्र लागत नाही. सुरीचं पातं आडवं ठेवून तळव्याने दाबा, फळ फुटतं, बी उचलून घ्या.

ग्रीक गावरान सॅलड, ‘होरिआतिकी’, करून बघा. पिकलेल्या टोमॅटोच्या मोठ्या फोडी, काकडी, कांद्याच्या चकत्या, हिरवी ढोबळी मिरची, सात-आठ कालामाता, वर फेटा चीजची अख्खी वडी, ओरेगानो, भरपूर ऑलिव्ह तेल. पानं घालत नाहीत. चीज आणि ऑलिव्ह दोन्ही खारट, म्हणून मीठ फक्त टोमॅटोला चिमूटभर. खाली जो रस साचतो तो पावाने पुसून खाणं हा जेवणाचाच भाग आहे.

वाटण करायचं तर वाटीभर बी काढलेलं कालामाता, एक लसणीची पाकळी, चमचाभर लिंबाचा रस, दोन-तीन चमचे तेल, ओरेगानो. मिक्सर थांबवत थांबवत फिरवा, गंधासारखं बारीक व्हायला नको, भरड हवं. पावाला तर लावतातच, पण ज्वारीच्या गरम भाकरीवर कच्च्या कांद्याबरोबर हे मी आवर्जून खाते. हळद-हिंगाच्या फोडणीत मात्र ऑलिव्ह मला कधीच पटलं नाही, दोघं एकमेकांचा वास मारतात.

थ्रुम्बा संत्र्याच्या सोललेल्या फोडींबरोबर, वर कांदा आणि तेल, हे मेसिनियात हिवाळ्यात मिळायचं. हिरवं ठेचलेलं ऑलिव्ह कोंबडीच्या लिंबू घातलेल्या रश्श्यात छान. क्रीटमध्ये जवाच्या कडक टोस्टवर किसलेला टोमॅटो, मऊ चीज आणि ऑलिव्ह घालून ‘दाकोस’ करतात, पाच मिनिटांत होतो.

ईस्टरच्या आधीच्या मोठ्या उपासात कडक दिवशी ऑलिव्ह तेल वर्ज्य असतं, पण ऑलिव्ह चालतं. आपल्याकडे तांदूळ नाही पण भगर चालते, तसंच काहीसं. त्या दिवसांत यायांच्या घरी ‘फाकेस’ व्हायचं. अख्खा मसूर, कांदा, लसूण, तमालपत्र, थोडा टोमॅटो, पातळसर शिजवलेला. वाढल्यावर ज्याने त्याने आपल्या वाटीत चमचाभर व्हिनेगर घालायचं. ऑलिव्ह मसुरात घालत नाहीत, बाजूला बशीत असतात, दोन चमचे मसूर आणि एक ऑलिव्ह असं खायचं. बरणी उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात हे करा, आणि बिया टाकायला ताटाशेजारी एक रिकामी वाटी ठेवा.